उवा घालवायला सतरा दिवस लागतात

शनिवारी औषध, रविवारी आनंदीआनंद, आणि पंधरवडा उलटायच्या आत पोरगी पुन्हा दोन्ही हातांनी डोकं खाजवत बाकावर बसलेली. कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवताना दर पावसाळ्यात हे बघते. पालक सांगतात, औषध बोगस निघालं, पाणी बदललं, शेजारी बसणारी मुलगी अस्वच्छ आहे. औषध बहुतेक वेळा चांगलंच असतं. तारीख चुकलेली असते, आणि एक फोन करायचा राहिलेला असतो.

आधी हिशेब

मादी ऊ दिवसाला सहा-आठ लिखा घालते, त्याही केसाच्या अगदी मुळाशी. लीख फुटायला ७ ते १० दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू आणखी ९ ते १२ दिवसांत मोठं होतं आणि स्वतः लिखा घालायला लागतं. नेहमीची औषधं उवा मारतात, पण लिखा सगळ्या मरत नाहीत. म्हणून उरलेल्या लिखा फुटल्यावर, पण त्यातली पिल्लं मोठी व्हायच्या आत, दुसरा हात फिरवावा लागतो. शेतकऱ्याच्या घरी मी भांगलणीचं उदाहरण देते. एका भांगलणीत तण गेलंय असं कुणीच म्हणत नाही, त्यामुळे लगेच पटतं.

आणखी दोन गोष्टी. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जाते. आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत उपाशी मरते. धुतलेल्या केसांचं तिला काही वावडं नाही.

पायरी १: दिवस आणि सामान

शनिवारी संध्याकाळी सुरुवात करा. शनिवार पहिला दिवस धरला तर नववा दिवस रविवारी येतो, आणि नववा दिवसच सगळ्यात जास्त चुकतो. काही घरांत शनिवारी डोक्यावरून न्हायचं नाही असा दंडक असतो. आजीशी भांडण काढू नका, रविवारी सुरू करा. मग दुसरा हात पुढच्या सोमवारी पडेल. दुसरं औषध ७ ते १० दिवसांच्या मध्ये चालतं, नववा दिवस उत्तम. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर तारीख धरतानाच पाण्याचा दिवस बघा. लांब केसांना दोन-तीन बादल्या सहज लागतात, आणि "पाणी नव्हतं म्हणून राहिलं" हे कारण मी फार वेळा ऐकलंय.

दिनदर्शिकेवर आत्ताच पाच गोल करा: १, ५, ९, १३, १७. शनिवारपासून मोजलं तर शनिवार, बुधवार, पुढचा रविवार, गुरुवार आणि शेवटी सोमवार.

सामान: बारीक दातांची फणी (साधा कंगवा नव्हे), पांढरा कागद किंवा जुन्या धोतराचा तुकडा, गरम साबणाच्या पाण्याचं भांडं, केस वेगळे धरायला चार चाप, कंडिशनरच्या दोन-तीन पुड्या, उजेडाला मोबाईलचा टॉर्च. धातूच्या दातांची फणी मिळाली तर तीच घ्या. प्लॅस्टिकच्या फणीचा एक दात जरी वाकला असला तरी ती टाकून द्या. त्या फटीतून ऊ आरामात निसटते.

पायरी २: बघणं

हे काम उजेडात करा. केस ओले करून कंडिशनर चोपडा, म्हणजे उवा पळत नाहीत, जागच्या जागी अडकतात. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मग फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत एकाच ओढीत आणा आणि कागदावर पुसा. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, तिथंच त्यांचा तळ असतो. मोठी ऊ तिळाएवढी, करड्या-तपकिरी रंगाची. पिल्लू त्याहून बरंच लहान.

लीख आणि कोंडा यांत गोंधळ होतो. कोंडा फुंकरीने उडतो किंवा बोटाने सरकतो. लीख केसाला एका बाजूने चिकटलेली असते, नखात धरून टोकापर्यंत ओढावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे मुळापासून दोन सेंटिमीटरवर दिसणारी पांढरी लीख म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचं रिकामं टरफल. धोक्याची लीख मुळापासून पाव इंचाच्या आत असते आणि जरा काळपट दिसते.

तपासा: जिवंत, चालणारी ऊ दिसली का? नसेल तर औषध लावू नका. जुनी टरफलं बघून महिन्याला औषध लावणारी घरं आहेत, त्यात पैसाही जातो आणि टाळूही सोलपटते.

आता घरातल्या सगळ्यांची डोकी. सगळ्यांची म्हणजे बारीक केस कापलेल्या मुलाचं, बाबांचं, आणि जिला विचारायचं धाडस कुणी करत नाही त्या आजीचंसुद्धा. माझ्या मुलीच्या दोन वर्षांपूर्वीच्या उवा तीन वेळा औषध लावूनही जाईनात. ती आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या वाकळेत (गोधडीत), त्यांच्या कुशीत झोपते. सासूच्या डोक्यात फणी घालायची कशी? शेवटी मुलीनंच सोडवलं. "आजी, आज मी तुझी वेणी घालते," म्हणाली आणि फणी फिरवून कागद माझ्यासमोर धरला. चार उवा. आत्याबाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आगं, मला वाटलं वयानं खाजतंय." त्या रात्री औषधाची आणखी एक बाटली आणली आणि प्रकरण मिटलं. त्याआधीच्या तीन बाटल्या माझ्या लाजेपायी वाया गेल्या होत्या.

पायरी ३: फोन

ही पायरी औषधाच्या आधी येते. तुम्ही शनिवारी लावलं आणि बाकावरच्या मैत्रिणीच्या घरी पुढच्या महिन्यात लावलं, तर उवा फक्त घर बदलतील.

"कुणाकडून आल्या" हे शोधत बसू नका. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पोरगी चार डोक्यांना डोकं लावून आलेली असते. उलट यादी करा: बाकावरची जोडीदारीण, रिक्षात किंवा व्हॅनमध्ये खेटून बसणारी, शिकवणीतली, मावसबहीण, तालमीत जात असेल तर जिच्याशी जोड लागते ती. एका मोबाईलवर चार डोकी जुळतात तो घोळकाही धरा. या यादीतल्या प्रत्येकीच्या घरी फोन किंवा मेसेज. मी देते तो मजकूर असा:

"नमस्कार. आमच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या. या शनिवारी संध्याकाळी आम्ही घरात सगळ्यांची डोकी बघून औषध लावतोय. तुम्हीही बघून घ्या. सापडल्या तर त्याच दिवशी लावू, म्हणजे परत इकडून तिकडे होणार नाहीत."

नमस्कारानंतरचा पहिला शब्द "आमच्या" आहे, तो बदलू नका. "तुमच्या मुलीच्या डोक्यात बघा" असं सुरू झालं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "आमच्या पोरीच्या डोस्क्यात काय बी न्हाई वो बाई." कारण आपल्याकडे उवा म्हणजे आईची अब्रू. मुलीची वेणी कोण घालतं, डोकं कोण धुतं, यावर आईला तोललं जातं. बापाला कुणी विचारत नाही. म्हणून आया लपवतात, आणि लपवल्यामुळे गल्लीत उवा फिरत राहतात.

दुसरं बोट दाखवलं जातं ते कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीतल्या मुलांकडे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं कारखान्याच्या आसपासच्या शाळांत बसतात आणि वर्गात डोकं खाजलं की "त्यांच्यामुळं" असं सुरू होतं. माझ्या वर्गात खाज जुलैपासून असते. टोळ्या तेव्हा गावीच असतात. त्या मुलांना उवा होत नाहीत असं नाही. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात, कोपीत पाणी डोक्यावरून आणावं लागतं, डोकं बघायला वेळ आणि उजेड दोन्ही नाहीत. तिथं मेसेज पाठवून उपयोग नाही. धाकट्यांची वेणी जी थोरली बहीण घालते, तिला बाजूला घेऊन फणी कशी धरायची ते हाताला धरून दाखवा आणि एक फणी देऊन टाका. पाणी नसेल तर केसांत भरपूर खोबरेल तेल घालून फणी मारली तरी उवा निघतात. दहा-अकरा वर्षांच्या मुली हे काम आपल्यापेक्षा चिकाटीने करतात.

पायरी ४: औषध किंवा नुसती फणी

दोन्ही वाटा चालतात. केस दाट आणि लांब असतील, घरात दोघंही कामाला जात असतील, तर औषध आणि फणी असं दोन्ही करा. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, किंवा आई गरोदर असेल वा अंगावर पाजत असेल, तर फणीवर भागवा किंवा आधी डॉक्टरांना विचारा.

औषधाचा क्रम:

१. बाटलीवर "परमेथ्रिन १ टक्का" वाचा. ५ टक्क्यांचं मलम खरजेसाठी असतं. ते डोक्याला नको.

२. तेल पूर्ण काढा. आपल्याकडे शाळेला जाताना डोकं तेलानं चप्प असतं आणि त्याच तेलावर औषध ओततात. मग ते केसाला लागतच नाही. साध्या शाम्पूने धुवा. या वेळी कंडिशनर अजिबात नको, तेही औषधाच्या आड येतं.

३. टॉवेलने टिपा. केस ओलसर हवेत, पाणी ठिबकायला नको.

४. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरायला सांगा. कानामागून आणि मानेपासून सुरुवात करून मुळं भिजतील असं लावा. कंबरेपर्यंत केस असतील तर एका बाटलीत भागत नाही, आधीच दोन आणा.

५. घड्याळ लावून दहा मिनिटं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त उवा मरत नाहीत.

६. बादलीवर ओणवं करून कोमट पाण्याने डोकं खंगाळा. अंघोळीत धुतलं तर ते सगळं अंगावरून ओघळतं.

७. पुढचे एक-दोन दिवस डोकं धुऊ नका.

तपासा: रविवारी सकाळी, म्हणजे आठ ते बारा तासांनी, फणी फिरवा. मेलेल्या किंवा लटपटत चालणाऱ्या उवा दिसल्या तर औषध लागू पडलंय. फणीने काढत रहा. कालच्याच जोमाने पळत असतील तर तेच औषध पुन्हा ओतू नका. डॉक्टर दुसऱ्या जातीचं देतील. पोटात घ्यायची गोळीही असते, पण ती मुलाच्या वजनावर ठरते. मेडिकलमध्ये परस्पर मागू नका.

खाज आणखी काही दिवस राहते. नुसती खाज म्हणजे औषध फसलं असं नाही.

नुसत्या फणीची वाट धरली तर पाचही गोलांच्या दिवशी कंडिशनर लावून, केसांचे चार भाग करून, प्रत्येक बट वरून आणि खालून ओढायची. लांब केसांना तासभर लागतो. मुलगी कंटाळते, म्हणून तिच्या हातात कागद द्या आणि मोजायला लावा. पहिल्या दिवशी आमच्याकडे एकतीस, पाचव्या दिवशी सहा. नखावर नख दाबून "टक्" करण्याची हौस असेल तर करा, हात मात्र धुवा.

सावधान, हे डोक्याला लावायचं नाही:

रॉकेल. टाळू भाजते, वास फुप्फुसात जातो, आणि ज्या मोरीत ते लावतात तिच्या शेजारी चूल किंवा शेगडी असते.

शेतावरचं औषध, मुंग्यांची पावडर किंवा मुंग्यांचा खडू. टाळूतून अंगात भिनतं. डोकं बांधून ठेवलं तर जास्तच. असं कुणी लावलंच असेल आणि मुलाला लाळ गळणं, उलट्या, घाम, धाप किंवा गुंगी सुरू झाली, तर डोकं साबणाने धुवा, कपडे बदला आणि बाटली सोबत घेऊन थेट कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जे जवळ असेल ते गाठा.

सीताफळाच्या बियांची पूड. "झाडपाल्याचं आहे, काय होत नाही" म्हणून हे सर्रास चालतं. ती डोळ्यात गेली की बुबुळाचा वरचा थर सोलून निघतो, मूल रात्रभर डोळा उघडत नाही. गेलीच तर स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं धरा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पायरी ५: घर

यात फार वेळ घालवू नका. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, ओढणी, रिबिनी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. वाकळ धुवायला जड असते, ती दोन-तीन दिवस बाजूला ठेवली तरी पुरतं. फण्या आणि कंगवे हात सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं. घरभर कीटकनाशक मारायची काही गरज नाही, उवा भिंतीत राहत नाहीत.

पायरी ६: नववा दिवस

डोकं स्वच्छ दिसतंय, खाज थांबलीय, रविवार आहे, रंकाळा तलावावर जायचं ठरलंय. तरीही औषध लावायचं. पहिल्या दिवशी वाचलेल्या लिखांतून आलेली पिल्लं आत्ता डोक्यात आहेत आणि त्यांनी अजून लिखा घातलेल्या नाहीत. क्रम तोच: तेल काढा, साधा शाम्पू, टिपून घ्या, दहा मिनिटं. ज्या ज्या घरांना शनिवारचा फोन केला होता, त्यांना आज दुसरा करा. "आज नववा दिवस" एवढं पुरतं.

पाचव्या आणि तेराव्या दिवशी कंडिशनर लावून फक्त फणी.

पायरी ७: शाळेत

उवा झाल्या म्हणून मुलीला घरी ठेवायची गरज नाही. आपल्याला कळेपर्यंत त्या महिनाभर वर्गात वावरलेल्या असतात. एका दिवसाने काही वाचत नाही, तिचा अभ्यास मात्र बुडतो. केस घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात बांधून पाठवा. डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोग पसरत नाही.

शिक्षकांसाठी थोडं स्पष्ट लिहिते. एका शाळेत परिपाठाच्या वेळी पाच मुलींना पुढे उभं करून त्यांच्या वेण्या सोडलेल्या मी पाहिल्यात. त्यातली एक नंतर आठवडाभर आली नाही. आली तेव्हा केस पार कातरलेले, आणि ज्या मैत्रिणींकडे त्याच उवा होत्या त्या तिच्यापासून सरकून बसल्या. त्या वर्गातल्या उवा कमी झाल्या नाहीत. मुली खाज दाबायला शिकल्या, एवढंच.

असं करा: नाव न घेता सगळ्या वर्गाच्या पालकांना एकच शनिवार द्या. बाक बदलू नका, कुणाला वेगळं बसवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा डोकीही बघायला सांगा आणि पालकांना सांगायच्या गोष्टी त्यांच्या तोंडून सांगून घ्या. बाईंनी सांगितलं तर टोमणा वाटतो, डॉक्टरांनी सांगितलं तर सल्ला. आशाताई ओळखीच्या असतील तर गल्लीतल्या घरांत त्यांचा शब्द चालतो.

केस कापायचे का? मुलीला स्वतःला कापायचे असतील तर खुशाल, फणी मारायला सोपं जातं. शिक्षा म्हणून नको.

डॉक्टरांकडे कधी: टाळूवर पू किंवा पिवळट खपल्या, मानेला गाठी, ताप, पापण्यांच्या केसांत लिखा, किंवा दोन्ही वेळा क्रमाने औषध लावूनही जिवंत उवा.

पायरी ८: सतरावा दिवस

ओले केस, कंडिशनर, फणी, पांढरा कागद. घरातल्या सगळ्यांची डोकी. काही नाही सापडलं तर दिनदर्शिका बाजूला ठेवा आणि यापुढे पंधरा दिवसांतून एकदा न्हाताना फणी फिरवा.

एखादी सापडली तर तिचा आकार बघा. लहान पिल्लू असेल तर लिखा राहून गेल्यात, फणी वरवर फिरली. आणखी दोन वेळा चार-चार दिवसांनी करा. पूर्ण वाढलेली, तिळाएवढी असेल तर ती तुमच्या घरात वाढलेली नाही, एवढ्यात कुणाच्या तरी डोक्यावरून चालत आलेली आहे. बाटली उघडण्याआधी तिसऱ्या पायरीतली यादी काढा. एक घर फोन करायचं राहिलंय.